उजवा, डावा आणि प्रक्षिप्त

संस्कृतच्या प्राध्यापिकेकडे लोक काय काय घेऊन येतात हे सांगितलं, तर तुम्ही म्हणाल, बाई नेहमीसारखं चढवून सांगतेय. मी चढवूनच सांगते. पण त्यातलं निम्मं तरी खरं असतं, आणि कुठलं निम्मं ते शोधून काढणं हाच माझ्या विषयाचा अभ्यास आहे.

रत्नागिरीच्या कॉलेजात मी रुजू झाले त्याच आठवड्यात एक गृहस्थ म्हशीची पत्रिका करून घ्यायला आले. म्हैस अमावास्येला व्याली होती आणि हे घाबरले होते. मी म्हटलं, मी पत्रिका करत नाही. तर ते अगदी शांतपणे म्हणाले, मग सरकार तुम्हाला पगार कशाचा देतं? हा प्रश्न पुढे निवृत्त होईपर्यंत मला अनेकांनी विचारला. त्यात दोन प्राचार्यही होते.

नाटे बंदरावरून एक बोटवाला आला. त्याला बोटीवर रंगवायला श्लोक हवा होता. अट अशी की आपल्या जाळ्यात सुरमई यावी, शेजारच्या बोटीच्या जाळ्यात येऊ नये. मी पहिली ओळ रचून दिली, दुसरी रचायला नकार दिला. त्याने तेवढीच रंगवली. त्या मोसमात त्याला एवढी मासळी लागली की बोट बंदरात शिरताना पाण्यावर नुसती माझी ओळच दिसत होती, बाकीची बोट खाली. लांज्याचा एक काजूवाला बागेत सापडलेला ताम्रपट घेऊन आला. मी दोन दिवस भिंग लावून बसले. शेवटी तो पाणी तापवायच्या बंबाच्या बुडाचा पत्रा निघाला, आणि त्यावरची अक्षरं दुकानदाराच्या शिक्क्याची. त्या माणसाने मला अजून माफ केलेलं नाही. त्याच्या मते खजिना मी एकटीने लाटला.

लोकांचं चुकतं असंही नाही. संस्कृतची बाई म्हणजे नऊवारीतली, हळू बोलणारी, सोवळ्यातली, असं त्यांना वाटतं. मी मांडवीची. माझे वडील बोटींना बर्फ पुरवायचे. लाटांच्या आवाजाच्या वरताण समोरच्या बोटीला ‘किती लाद्या?’ विचारायचं असेल तर घसा कसा लागतो, ते मला वारशात मिळालं. मी वर्गात शिकवायला लागले की खालच्या मजल्यावरचे अर्थशास्त्रवाले खिडक्या लावून घेत. एकदा मी वर्गाकडून शब्दांची रूपं म्हणून घेत असताना आवारातल्या रायवळ आंब्याचे सात आंबे पडले. शिपाई मोजून घेऊन गेला. आणि संध्याकाळी मासळी बाजारात मी बांगडे घेताना दिसले की बायका एकमेकींना कोपर मारायच्या, ही बघ, संस्कृतची बाई बांगडे घेते. मी त्यांना सांगायची, बांगड्याला संस्कृतमध्ये काही त्रास होत नाही.

आता धंद्याचं सांगते. ते कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

बाहेरच्यांना वाटतं, संस्कृतचा अभ्यास म्हणजे श्लोक पाठ करणं. शाळेत तसंच असतं, त्याला मी काय करू? पण कॉलेजात, आणि त्याच्या पुढे एम.ए.ला, खरं काम वेगळंच आहे. जुन्या काळी छापखाना नव्हता. एकाने ग्रंथ लिहिला, दुसऱ्याने तो हाताने उतरवला, त्याची नक्कल तिसऱ्याने केली. असं करत करत पोथी आपल्यापर्यंत आली. उतरवणारा माणूसच. त्याला झोप येते, डास चावतात, ओळ सुटते. कधी त्याला समासात कुणीतरी लिहिलेली टीप दिसते आणि ती तो सरळ मजकुरात घालतो. कधी त्याला स्वतःलाच चार शब्द सांगायचा मोह होतो. अशा मागाहून घुसलेल्या मजकुराला प्रक्षिप्त म्हणतात. आमचं काम म्हणजे एकाच ग्रंथाच्या जेवढ्या नकला मिळतील तेवढ्या समोर मांडायच्या, ओळ ओळीशी ताडून बघायची, आणि ठरवायचं की मूळ माणूस काय बोलला आणि मधल्यांनी काय घुसवलं. पोलिसांसारखंच काम, फक्त आरोपी सगळे मेलेले.

हे शिकायला मुलं येतात कुठून? येत नाहीत. आणावी लागतात. प्रवेशाच्या दिवसांत मी खिडकीशी एस.टी.च्या कंडक्टरसारखी उभी राहायची आणि ओरडायची, संस्कृत, संस्कृत, मागे जागा आहे. सगळे विषय भरून झाल्यावर उरलेली मुलं माझ्याकडे यायची. प्रणाली गोताड अशीच आली. लांज्यापासून आत, जिथे एस.टी. दिवसातून दोनदा जाते आणि एकदा परत येते, अशा गावातली कुणबी घरातली पोर. वडील सुरेश, मुंबईत टेम्पो चालवायचे. आई गावात शेती करायची. घरात शब्द चालायचा आजोबांचा. राघो आजोबा. गावच्या देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. म्हणजे गावात कुणाचं काही अडलं तर देवाला ते मोठ्याने सांगायचं काम यांचं.

प्रणाली पहिल्या वर्षी काही बोलली नाही. दुसऱ्या वर्षी तिने मला एक प्रश्न विचारला आणि मी तो तास तिथेच थांबवला, कारण उत्तर मला येत नव्हतं. तिसऱ्या वर्षी मी तिच्यापुढे एक काम टाकलं. विहीर कुठे खणावी, पाणी कुठे लागेल, ह्यावर एक छोटासा ग्रंथ आहे, कुणी फारसा न वाचलेला. त्याच्या तीन नकला मला मिळाल्या होत्या. आपल्याकडच्या जांभ्या दगडात पाणी शोधणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून पोरीला त्यात रस वाटेल असं मला वाटलं. महिन्याभराने ती आली आणि म्हणाली, "मॅडम, तिसऱ्या पोथीत एक श्लोक जास्त आहे. त्यात लिहिलंय, पाणी लागलं की ज्याने हा ग्रंथ उतरवला त्याला पोटभर जेवू घालावं."

मी म्हटलं, मग?

"मग तो भुकेला होता," ती म्हणाली. "दोन नकलांत नाही, वृत्त वेगळं आहे, आणि भूक त्याची स्वतःची आहे. हा प्रक्षिप्त."

त्या दिवशी मी घरी जाताना सबंध मांडवीच्या किनाऱ्याला सांगत गेले. अख्ख्या नोकरीत असं फार वेळा होत नाही. एखादा विद्यार्थी पाठ करतो, एखादा समजून घेतो. पण पानामागे बसलेला माणूस ज्याला दिसतो, असा क्वचितच.

पुण्याला एम.ए.साठी तिचा अर्ज मी भरायला लावला. प्रवेश मिळाला. वसतिगृहाचीही सोय झाली. नक्की करायला चार-पाच दिवस उरले होते आणि पोर कॉलेजात येईना. फोन लावला तर म्हणाली, बाबा मुंबईहून आलेत. भांडुपला एक मुलगा बघितलाय. बाबा म्हणतात, संस्कृत शिकून काय बँकेत लागणार आहेस काय. आई म्हणते, बाबांना विचार. आणि आजोबा म्हणतात, देवाला विचारू.

देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गुरव फुलांच्या ओल्या पाकळ्या देवाच्या अंगाला चिकटवतो, एक उजव्या बाजूला, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालतात, म्हणजे देवाला मोठ्याने प्रश्न विचारतात. मग सगळे बसून राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधी क्षणात पडते, कधी माणसांचे पाय दुखून येतात तरी पडत नाही. आमच्या जिल्ह्यात घरं ह्यावर बांधली गेली आहेत, लग्नं ह्यावर मोडली आहेत, आणि सुशिक्षित माणसंही गणपतीला गावी आली की हळूच आत जाऊन हे करून येतात.

आजोबांनी एक अट घातली. ज्या बाईंनी पोरीच्या डोक्यात हे भरवलंय, त्या बाई देवासमोर उभ्या राहायला हव्यात. म्हणजे मी.

मी गेले. भाताची लावणी आटोपली होती, माणसं मोकळी होती, त्यामुळे देऊळ भरलं होतं. राघो आजोबा खांबासारखे सरळ, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्यांनी मला नमस्कार केला, बसायला चटई दिली आणि स्पष्ट सांगितलं, "बाईंनू, हितं कुणाचा वाद नाय. तुमी तुमच्या ठिकानी बरोबर, पोरीचा बाप त्याच्या ठिकानी बरोबर. म्हनून तिसऱ्याला इचारायचा."

मला हे न्यायाचं वाटलं. खरं सांगायचं तर मी आत शिरल्या शिरल्या वारा कुठल्या बाजूने येतो तेही पाहून घेतलं. उजवीकडच्या खिडकीतून येत होता. मी देवाचे मनोमन आभार मानले.

गुरवाने जास्वंदीच्या पाकळ्या लावल्या. आजोबा पुढे झाले आणि त्यांचा आवाज बदलला. घरात बोलताना ते शब्द मोजून टाकतात. इथे ओढ्याला पाणी आल्यासारखे सुटले.

"बा म्हाराजा, आज ही तुजी लेकरा तुज्या पुढ्यात उबी हायत."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ही गोताडांची पोर. हिनं बुका वाचलान, आता लांबची वाट धरू बघतेय. ती वाट तिच्या भल्याची असंल तर उजवा दे, नि वाटंत काटा असंल तर डावा दे. पन काय ता सरळ सांग, आमाला कोड्यात टाकू नको."

आता ह्या ‘व्हय म्हाराजा’ची गंमत अशी आहे की ते ऐकून घेण्यासाठी नसतं, म्हणण्यासाठी असतं. पहिल्या वेळी मी गप्प राहिले, पाहुणी म्हणून. दुसऱ्या वेळी मला राहवलं नाही. प्रश्न माझा होता, पोर माझी होती, आणि घसा बर्फवाल्याच्या मुलीचा. मी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. म्हणजे मी साधंच म्हटलं. पण गाभारा लहान, दगडी, घुमटीसारखा. दिव्याची ज्योत आडवी झाली, घंटा आपोआप किणकिणली, वळचणीची दोन वटवाघळं उठून गेली. आणि डावी पाकळी पडली.

सुरेश गोताड हळूच म्हणाला, झाला, दिलान देवानं. प्रणालीची आई तोंडाला पदर लावून बसली. ती रडत होती की सुटल्यासारखी झाली होती, ते मला कळलं नाही. प्रणाली पाकळीकडे बघत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते.

मग गुरव म्हणाला की आजवर त्याने पुष्कळ कौल पाहिले, पण असा पडलेला पाहिला नाही. पाकळी पडायच्या आधी मूर्ती हलल्यासारखी वाटली. मागून एक म्हातारी म्हणाली, मूर्ती नाय हलली, बाईंनी हलवलानी. कुणीतरी हसलं. पण हसणं तिथेच थांबलं, कारण आजोबा हसले नव्हते. त्यांनी मला विचारलं, "बाईंनू, तुमचा आवाज न्हेमी असाच?"

मी म्हटलं, हो, पण वर्गात ह्याहून मोठा असतो.

त्यांनी मान हलवली. एक वाद सुरू झाला. काहीजणांचं म्हणणं, पाकळी पडली ती पडली. ती कशाने पडली ते बघायला आपण कोण. वाऱ्याने पडते, उंदराने पडते, सगळं देवच करतो. इतरांचं म्हणणं, परका आवाज मधे आला तर कौल बाटला. एकाने सुचवलं, पुन्हा लावा. पण तिथे तसं चालत नाही. एकदा विचारलेला प्रश्न त्याच मोसमात पुन्हा देवापुढे मांडत नाहीत. तसं केलं तर विचारणाराच देवावर विश्वास ठेवत नाही असं होतं. आणि मोसम संपेपर्यंत पुण्याचा प्रवेश थांबणार नव्हता.

ह्या सगळ्यात प्रणाली उठली. देवळात बाईमाणसाने मधे बोलायची पद्धत असेल नसेल, ती बोलली. आजोबांना म्हणाली, मला सांगू द्या, हा माझ्या अभ्यासातला प्रश्न आहे.

मग तिने जे केलं ते मी परीक्षेसाठी काढलेल्या सगळ्या पेपरांच्या वरचं होतं. तिने सांगितलं की जुन्या पोथ्यांत असं होतं. एक बोलणारा असतो, आणि मधे कुणीतरी दुसरा आपला आवाज घालतो. तेव्हा विचारायचं, ही गोष्ट बोलणाऱ्याची आहे की मधल्याची? मधल्याची खूण त्यात दिसते का? तिने विहिरीच्या पोथीतला तो भुकेला माणूस सांगितला, तेव्हा बायका हसल्या. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ही पाकळी मॅडमच्या आवाजाने पडली. म्हणून हा डावा देवाचा नाही. प्रक्षिप्त आहे."

मला अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही. आणि त्याचबरोबर कान गरम झाले, कारण एवढ्या माणसांत माझ्याच शिष्येने मला घुसखोर ठरवलं होतं, आणि पुरावा बरोबर होता. प्रक्षेप करणाऱ्यांना आम्ही वर्गात फार शिव्या देतो. लबाड, अडाणी, मजकूर नासवणारे. त्या दिवशी मी त्यांच्यात जाऊन बसले, तेव्हा मला त्यांच्याबद्दल काहीतरी कळलं. त्यातले पुष्कळ चोर नसणार. ते ऐकायला बसलेले असणार, गोष्ट आवडलेली असणार, आणि एका जागी त्यांना राहवलं नसणार. ग्रंथावर इतकं प्रेम की त्यात आपलाही आवाज हवा. त्याने ग्रंथाचं भलं होत नाही, हे खरंच. पण ते प्रेमच असतं.

सुरेश गोताड शांत माणूस. मुंबईच्या रहदारीत टेम्पो चालवणारा माणूस उगाच हॉर्न वाजवत नाही. तो उठला आणि मुलीला म्हणाला, "पाकळी बाईंनी पाडलानी, म्हनून ती खोटी. बरा. मग तुज्या डोक्यातला संस्कृत पन बाईंनीच घातलानी ना? ता कसा काय खरा?"

तो प्रश्न मला आजवर सोडून गेलेला नाही. खिडकीशी उभी राहून ओरडत होते ती मी. अर्ज भरायला लावला तो मी. ह्या मुलीची स्वतःची इच्छा कुठवर आणि माझी घुसलेली कुठून, कोण ताडून बघणार? पोरीच्या दुसऱ्या दोन नकला नव्हत्या माझ्याकडे.

मला वाटलं, आता ती काहीतरी धडाकेबाज म्हणेल. ती म्हणाली, "असेल, बाबा."



"सुरुवात त्यांनी घातली असेल," ती म्हणाली. "पण तीन वर्षं मीच वाचतेय ते. आता काढून टाकायचं म्हटलं तर माझं पानच फाटेल."

बाप खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्या घरात असं बोलणारं माणूस कधी तयार झालं, असं काहीतरी होतं.

आजोबांनी टॉवेल सोडला, पुन्हा बांधला. मग त्यांनी नातीला विचारलं की पोथीत खरं कुठलं ते नाहीच ठरलं तर तुम्ही लोक काय करता. ती म्हणाली, दोन्ही पाठ ठेवतो. एक वर, एक खाली, आणि शंका आहे अशी खूण करतो.

"नि मग?"

"मग पुढे वाचतो."

"थांबत नाय?"

"थांबलं तर पोथी पुरी कोण करील, आजोबा?"

त्यांनी देवाकडे पाहिलं, मग खाली पडलेल्या पाकळीकडे. ती उचलली नाही. उजवी अजून चिकटून होती. माझी खात्री आहे, ती अजूनही चिकटलेली असणार. ते म्हणाले, "देवानं उजवा दिलान, असा मी म्हनत नाय. डावा दिलान, ता पन म्हनत नाय. शंका हाय. तुला जायाचा तर जा. पन शंका घरी ठेवून जाव नको. संगती ने."

असा निकाल मी आजवर कुठल्या विद्वत्सभेत ऐकलेला नाही. पण मला तेव्हा आनंद झाला तो निकालाचा नाही, पोर जाणार ह्याचा. ते मी कबूल करते. मी परत येताना लांज्याला उतरून कॉलेजच्या सगळ्या स्टाफसाठी खाजा घेतला.

आता पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही शेवटाकडे डोळा लावून बसणार नाही. प्रणालीने एम.ए. केलं. आज ती पुण्यात एका संग्रहात पोथ्या ताडून बघायचं, त्यांची यादी करायचं काम करते. रात्री-अपरात्री मला एखाद्या पानाचा फोटो पाठवते, खाली एकच प्रश्न, "मॅडम, हा कोण बोलतोय?" मी चूक सांगते, ती दुरुस्त करते, आणि आम्ही दोघी खूश असतो. भांडुपचा मुलगा दुसरीकडे बोहल्यावर चढला. सुरेश गोताड आता मला रोज सकाळी व्हॉट्सॲपवर संस्कृत सुभाषितं पाठवतो. त्यातली निम्मी प्रक्षिप्त असतात. मी काही म्हणत नाही.

माझ्या जागेवर दुसरं कुणी नेमलं नाही. तासांवर एक मुलगी येते, चांगली आहे, आवाज लहान आहे. माझ्या कपाटात एन.सी.सी.चे बूट ठेवलेत. ह्याचं वाईट वाटतं का म्हणून लोक विचारतात. वाटतं. जी एक पोर इथे राहून हा विभाग चालवू शकली असती, तिला मीच इथून घालवली. दुसरं काही करता आलं असतं असं मला वाटत नाही. पण ह्या गोष्टी मी चढवून सांगत नाही, हे लक्षात घ्या.

आता तो दिवस. प्रणाली निघाली तेव्हा मी लांज्याच्या स्टँडवर गेले. सुरेश आदल्या दिवशीच मुंबईला परतला होता, कामावर. आई आली नव्हती. तिने घरीच निरोप दिला होता. आजोबा आले होते, धुतलेला शर्ट घालून. खिडकीशी पोर बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीत आईने दिलेली आंबोशी आणि कुळथाचं पीठ. मी बडबड करत होते. कंडक्टरला सांगत होते की ही मुलगी संस्कृतची मोठी पंडिता होणार आहे, ब्रेक मारून तिची झोपमोड करायची नाही असं ड्रायव्हरला सांगा. कंडक्टर माझ्या आवाजाने गाडीच्या दारात दोन पायऱ्या वर सरकला.

आजोबा खिडकीखाली उभे होते. गावच्या प्रत्येक माणसासाठी देवाशी तासभर बोलू शकणारा माणूस, आणि त्यांना काही सुचत नव्हतं. त्यांनी खिडकीच्या गजाला हात लावला, काढला, पुन्हा लावला. ड्रायव्हरने गाडी सुरू केली तेव्हा म्हणाले, "तकडं बरा वाटला नाय तर परत ये."

प्रणालीने मान हलवली.

गाडी हलली. ते गाडीबरोबर दोन पावलं चालले.

"बरा वाटला तरी ये," ते म्हणाले.

गाडी गेली. महामार्गावर ट्रकच्या मागे ती दिसेनाशी झाल्यावरही आम्ही तिथेच उभे. मग मी त्यांना म्हटलं, चला, चहा घेऊ. स्टँडसमोरच्या टपरीत बसलो. त्यांनी चहा बशीत ओतला आणि फुंकर न घालता तसाच ठेवला. बाजूला काजूच्या कारखान्यातल्या बायका डबे उघडून बसल्या होत्या, त्यांचं बोलणं चाललं होतं. मी गप्प होते. माझ्या ओळखीचे लोक हे वाचून विश्वास ठेवणार नाहीत.

बऱ्याच वेळाने आजोबा म्हणाले, "बाईंनू, पोथीत कुनी भायरून घातलेला असंल, ता तुमाला वळखता येतो. पोरीनं सांगितलान. पन जा पोथीत होता, नि आता नाय, ता कसा वळखायचा?"

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. रस्त्याकडे बघत सांगितलं, "मागचं पान आणि पुढचं पान जुळत नाही. मधे जागा राहते. तेवढ्यावरून कळतं."

"मग ती जागा तुमी भरता काय?"

"नाही."

"कदीच नाय?"

"तेच पान परत मिळालं तरच."

त्यांनी बशी उचलली. चहा एव्हाना गार झाला होता. त्यांनी तो सावकाश, शेवटपर्यंत प्यायला, बशी खाली ठेवली आणि टॉवेलाने मिशा पुसल्या.

"मंग ऱ्हवांदे तशीच," ते म्हणाले, आणि गावच्या गाडीला अजून अवकाश होता म्हणून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले.